जुन्या गाडीचा रंग पत्र्यापर्यंत कसा उतरवावा

प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, कॉन्टेसा किंवा पहिल्या पिढीतली मारुती ८०० पुन्हा उभी करायला घेतली की रंग उतरवण्याचं काम सगळ्यात सोपं वाटतं. त्यात जोडायचं काही नसतं, नुसतं काढायचं असतं. पण पत्र्याचं नुकसान सर्वाधिक होतं ते याच टप्प्यावर. ग्राइंडरच्या उष्णतेने बॉनेटला लाटा येतात. सांध्यात राहिलेला रिमूव्हर, म्हणजे रंग सैल करणारं रसायन, काही महिन्यांनी नव्या रंगाखाली फुगे आणतो. उघडा पत्रा कोकणातल्या दमट हवेत एक रात्र राहिला तर सकाळी त्यावर तांबूस झाक असते.

म्हणून सगळ्या कामाला एकच शिस्त ठेवा: एका वेळी एकच पॅनेल उघडं करायचं आणि त्याच दिवशी त्याला प्रायमर मारायचा. प्रायमर, तो घट्ट करणारा हार्डनर आणि स्प्रे गन हाताशी नसेल तर त्या दिवशी रंगाला हात लावू नका. पुढची सगळी माहिती पोलादी पत्र्याच्या गाड्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून पद्मिनी धरली आहे, कारण कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांवर वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या जातीचे रंगाचे चार-चार थर सापडतात.

पत्र्यापर्यंत जायची गरज आहे का?

गॅरेजमध्ये सहसा सांगतात, "सगळा रंग उतरवून टाका, मग बघू." हा सल्ला नेहमी खरा नसतो. घट्ट बसलेला, तडे नसलेला जुना रंग हा नव्या रंगाला उत्तम पाया असतो. तो ३२० नंबरच्या पेपरने घासून त्यावर सरफेसर, म्हणजे रंगाखालचा ओरखडे भरणारा थर, मारला की काम होतं. पत्रा उघडा करायचा तो ठोस कारण असेल तरच, आणि ते कारण तीन चाचण्यांनी कळतं.

पहिली चाचणी जाडीची. रंगाची जाडी मोजणारा गेज ऑनलाइन मिळतो. सोबत दिलेल्या पट्ट्यांवर त्याचा शून्य जुळवून घ्या आणि प्रत्येक पॅनेलवर आठ-दहा ठिकाणी टेकवा. कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एकदा पुन्हा रंगवलेलं पॅनेल २५० ते ३०० दाखवतं. सगळीकडे ५०० च्या वर आकडा येत असेल तर त्या थरावर आणखी थर चढवू नका, तो आकसून तडकतो. एखाद्याच जागी आकडा एकदम १००० च्या पुढे गेला तर तिथे खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी आहे. गेज नसेल तर पातळ सुती कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. लांबीवर पकड सैल होते आणि फरक बोटांना कळतो.

दुसरी चाचणी पकडीची. नव्या ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा मारून छोटी जाळी करा, त्यावर चांगली चिकटणारी टेप दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपसोबत आले तर तो रंग राहणार नाही.

तिसरी चाचणी रंगाची जात सांगते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला बोळा दोन मिनिटं रंगावर दाबून धरा. रंग विरघळून कापडावर आला तर तो एनसी. सुरकुतला, उचलला गेला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनर घालून मारलेला टू-के किंवा कारखान्यात भाजलेला रंग. पहिल्या दोन जातींवर थेट पीयू (हार्डनर घालायचा पॉलियुरेथेन रंग) मारला तर नव्या रंगातलं थिनर खालचा थर उचलतं आणि कडांना सुरकुत्या पडतात. अशा वेळी तो उतरवणं हाच खात्रीचा मार्ग.

आणखी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. डिकीच्या आतल्या बाजूला नाण्याएवढी जागा ३२० नंबरच्या पेपरने पाणी मारून गोल घासा. मधोमध पत्रा दिसेपर्यंत घासलं की भोवती वर्तुळं उमटतात: सगळ्यात बाहेर आजचा रंग, मग राखाडी सरफेसर, मग मागच्या मालकाचा एखादा फिकट निळा किंवा मेहंदी रंग, पुन्हा सरफेसर, आणि पत्र्याला लागून मूळ प्रायमर. किती थर आहेत आणि गाडीचा जन्माचा रंग कोणता, हे दोन्ही तिथेच कळतं. त्याचा फोटो काढून ठेवा. गाडीचा नोंदलेला रंग बदलणार असाल तर आरटीओकडून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. हे रंग विकत घ्यायच्या आधी ठरवा.

शिशाचा विचार आधी

जुन्या रंगात शिसं असतं. पिवळ्या, नारिंगी आणि लाल छटांसाठी लेड क्रोमेट सर्रास वापरलं जाई आणि गंजरोधक प्रायमरात शेंदूर, म्हणजे शिशाचंच ऑक्साइड असे. टॅक्सी म्हणून चाललेल्या पद्मिनीचं पिवळं छत घासायला घेणाऱ्याने तर हे गृहीतच धरावं. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. त्यामुळे जुनी गाडी असेल तर चाचणी न करताही शिसं आहे असं समजूनच काम करा.

शिशाची धूळ श्वासातून जाते, त्याहून जास्त हातांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर ती कायमचा परिणाम करते आणि मुलांपर्यंत पोहोचते ती अनेकदा कामाच्या कपड्यांवरून. कामाचे कपडे वेगळे ठेवा, वेगळे धुवा, जागेवर चहा-तंबाखू नको, घरात शिरण्याआधी हात-तोंड साबणाने धुवा. झाडू मारू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. साध्या घरगुती व्हॅक्यूमची पिशवी बारीक धूळ अडवत नाही, मागून बाहेर सोडते. त्याला हेपा फिल्टर हवा. मूल खेळतं त्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुकं घासकाम करू नये, हे आम्ही कळकळीने सांगतो.

तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही. धुळीसाठी किमान एन९५ आणि शक्यतो बदलता येणाऱ्या फिल्टरचा रबरी हाफ मास्क, पी३ किंवा पी१०० फिल्टरसह. दाढी असेल तर मास्क गालाला बसत नाही आणि धूळ कडेने आत येते. धुळीचा फिल्टर रिमूव्हरची किंवा थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज वेगळं लागतं.

काय आणायचं

मुख्य यंत्र म्हणजे रँडम ऑर्बिटल सँडर, ज्याला गॅरेजमध्ये डीए म्हणतात. हवेवर चालणारा डीए सतत खूप हवा खातो. पंक्चरवाल्याकडे असतो तसा छोटा कॉम्प्रेसर त्याला पुरत नाही, यंत्र दर मिनिटाला मंदावतं. घरी करणाऱ्याने १२५ किंवा १५० मिलिमीटर डिस्कचा विजेवरचा सँडर घ्यावा, धूळ ओढण्याची नळी जोडता येणारा.

पेपर ८०, १२०, १८० आणि ३२० नंबरचे; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. एका बॉनेटला ८० नंबरच्या दहा-बारा डिस्क सहज संपतात. जुनी डिस्क कापत नाही, घासून तापवते, म्हणून कंजुषी करू नका. खोलगट जागा आणि कोपऱ्यांसाठी जाळीदार, स्पंजासारखी दिसणारी नायलॉनची स्ट्रिपिंग डिस्क चांगली. ती रंग काढते आणि पत्रा फारसा खात नाही. तारेचा ब्रश ग्राइंडरला लावायचा मोह टाळा: तो लांबी वितळवून पसरवतो, पत्रा गुळगुळीत चकचकीत करतो ज्यावर प्रायमर धरत नाही, आणि तुटलेल्या तारा सुईसारख्या उडतात.

याखेरीज प्लॅस्टिकची खरवडणी, मास्किंग टेप, ॲल्युमिनियमची चिकट टेप, वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, भरपूर स्वच्छ सुती फडकी, बंदिस्त गॉगल, कानाला मफ, आणि एबीसी पावडरचा अग्निशामक. अग्निशामक भिंतीला टांगून ठेवायचा नाही, हाताच्या अंतरावर ठेवायचा.

तयारी

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. ज्या पॅनेलवर काम आहे ते शक्य असेल तर गाडीवरून उतरवा. पहिलं पॅनेल म्हणून डिकीचं झाकण किंवा एखादा दरवाजा घ्या, छताला शेवटी हात लावा. बीडिंग, रबर, दिवे, कुलपं, हँडल, नावाच्या पट्ट्या सगळं काढा. पद्मिनीच्या क्रोम पट्ट्यांच्या क्लिपा आतून हलक्या हाताने दाबून काढाव्या लागतात. बाहेरून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्या तर पट्टी वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. रबराखालीच गंज लपलेला असतो, त्यामुळे टेप लावून रबर तसंच ठेवण्याचा शॉर्टकट इथे चालत नाही.

चासी नंबर कोरलेली जागा आणि प्लेट दोन थर टेपने झाका. तो नंबर घासला गेला तर गाडीची ओळखच संशयात येते आणि आरटीओत निस्तरता निस्तरता नाकीनऊ येतात.

मग धुवा: गाडीचा शॅम्पू, भरपूर पाणी, पूर्ण वाळवण. त्यानंतर दोन फडक्यांची पद्धत. एका फडक्याने वॅक्स-ग्रीस रिमूव्हर लावा, ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हे घासण्याच्या आधी करायचं. पॉलिशमधलं सिलिकॉन आणि मेण न काढता घासलं तर पेपर ते ओरखड्यांत दाबून बसवतो आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसू नका. दोन्हीत आगीचा धोका, आणि रॉकेल वर तेलकट थर ठेवून जातं.

घासून उतरवणं

बॉनेट, दरवाजे, छत, मडगार्ड यांसाठी नवख्याने हीच पद्धत वापरावी. वेळ लागतो, पण चुकलं तर थांबता येतं.

कडा आणि पॅनेलवरच्या उठावदार रेघांच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची टेप लावा. त्या जागी रंगाचा थर मुळात पातळ असतो आणि सँडर तिथे क्षणात पत्र्यात घुसतो. ही पट्टी शेवटी हाताने १२० आणि १८० नंबरने काढायची.

८० नंबरची डिस्क लावा. सँडर पॅनेलवर सपाट टेकवूनच सुरू करा, हवेत सुरू करून टेकवलात तर पहिला ओरखडा खोल जातो. जोर लावायचा नाही, यंत्राचं वजन पुरे. निम्म्या डिस्कने मागच्या पट्ट्यावर चढत, एकसारखं फिरवत राहा. तिरका धरून कडेने खरवडायचं नाही.

या गाड्यांचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी जाडीचा असतो. एका जागी तो तापला की प्रसरण पावतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, मग तो वर किंवा खाली फुगतो आणि थंड झाल्यावरही पूर्वपदावर येत नाही. दाबलं की डब्याच्या झाकणासारखा टिक-टॉक वाजतो. म्हणून दर अर्ध्या मिनिटाने हाताची मागची बाजू पत्र्याला लावा. चटका बसला तर त्या जागेवरून हटा, पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला काम करा, दहा मिनिटांनी परत या. ओलं फडकं टाकून एकदम गार करू नका. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून रंग काढणारे कारागीर दिसतील. त्यांचा वेग खरा, पण त्या वेगाने खराब झालेला पत्रा ते नंतर लांबीने झाकतात.

एनसी रंग उष्णतेने मऊ होतो आणि डिस्कवर गोळ्या धरतो. गोळ्या दिसल्या की डिस्क बदला. गोळीच पत्र्यावर खोल ओरखडे काढते.

वरचे शिशाचे थर पाणी मारून घासले तर धूळ जवळजवळ उडत नाही, पण हे वॉटर पेपरने हातानेच करायचं. विजेच्या सँडरजवळ पाणी नको. पाण्याचं घासकाम लांबी किंवा पत्रा दिसू लागला की थांबवा. लांबी पाणी शोषते, ते पाणी खालच्या पत्र्याला गंजवतं आणि रंग फुगतो.

लांबी लागली की धुळीचा रंग बदलतो: गुलाबी, राखाडी किंवा पिवळसर मऊ भुकटी येऊ लागते. जुन्या गाडीत ती पूर्ण काढा, कारण खाली काय आहे हे तेव्हाच दिसतं. थर जाड असेल तर ४० नंबरच्या पेपरने वरवर कमी करा, पत्र्याजवळ आलात की परत ८० वर या. ४० नंबरचे ओरखडे पत्र्यात गेले तर प्रायमर वाळताना त्यांत बसतो आणि ते रंगातून दिसतात. काही जुन्या गाड्यांत खांबांच्या सांध्यांवर लांबीऐवजी शिसं वितळवून भरलेलं असतं. मऊ, चमकदार राखाडी, न गंजलेला धातू दिसला तर तिथे सँडर लावू नका, हाताने आणि ओल्यानेच काम करा.

पत्रा उघडा झाल्यावर १२० आणि मग १८० नंबरने सगळं पॅनेल एकसारखं करून घ्या. त्याहून गुळगुळीत नको, इपॉक्सी प्रायमरला धरायला ओरखडे हवेत. नेमका नंबर प्रायमरच्या माहितीपत्रकात असतो.

रिमूव्हरने उतरवणं

थर फार जाड असतील किंवा आकार गुंतागुंतीचा असेल तर पेंट रिमूव्हर कामाचा. पण आधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमीथेन लिहिलं असेल तर हा पदार्थ कशामुळे घातक आहे हे कळल्याशिवाय झाकण उघडू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये साचते. शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. हृदयविकार असलेल्याला थोडी मात्राही धोक्याची. बंद जागेत या रिमूव्हरने काम करताना माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेने २०१९ मध्ये ग्राहकांना त्याची किरकोळ विक्री बंद केली. साध्या कार्ट्रिजचा मास्क या वाफेपुढे फार वेळ टिकत नाही, आणि पातळ नायट्राइल हातमोज्यातून हा द्रव काही मिनिटांत आत पोहोचतो.

आमचं मत स्पष्ट आहे: नवख्याने बेंझाइल अल्कोहोलवर आधारलेला, मिथिलीन क्लोराइड नसलेला रिमूव्हर घ्यावा. तो महाग पडतो आणि मिनिटांऐवजी तास घेतो, कधी रात्रभर ठेवावा लागतो. घेऊ द्या. मिथिलीन क्लोराइडचाच वापरायचा असेल तर फक्त उघड्या आवारात, वारा पाठीवर घेऊन, लॅमिनेटच्या (अनेक थरांच्या प्लॅस्टिकच्या) हातमोज्यांवर जाड रबरी हातमोजे, तोंडावर पूर्ण शील्ड, शेजारी पाण्याची भरलेली बादली, आणि कामाला एकटं न राहता. मिथिलीन क्लोराइड साधारण ४० अंशांना उकळतो. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी डब्यात दाब साचलेला असतो. डबा सावलीत गार करून, झाकणावर फडकं धरून हळू उघडा आणि काम सकाळी लवकर करा.

क्रम असा. आधी ८० नंबरने रंगावर आडवे-उभे ओरखडे काढा, म्हणजे रिमूव्हर आत शिरतो. पॅनेलचे सांधे, भोकं आणि कडा ॲल्युमिनियम टेपने बंद करा, कागदी मास्किंग टेप विरघळते. रिमूव्हर काचेच्या किंवा धातूच्या भांड्यात थोडाच ओता. थर्मोकोल आणि पातळ प्लॅस्टिकचे कप गळून जातात. नैसर्गिक केसांच्या ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा. पुन्हा त्यावरून ब्रश फिरवायचा नाही, कारण वर मेणाचा पापुद्रा तयार होतो आणि तोच वाफ उडून जाऊ देत नाही. एका बॉनेटला एका हाताला (एका थराला) पाव ते अर्धा लिटर लागतो. वर पॉलिथिनचा कागद अंथरा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत थांबा. रंग सुरकुतून उचलला गेला की प्लॅस्टिकच्या खरवडणीने लगदा एका बाजूला ओढून पत्र्याच्या डब्यात जमा करा. चार थरांच्या गाडीला हे दोन-तीनदा करावं लागतं. लगदा वाळला तर पुन्हा चिकटतो, म्हणून एका वेळी अर्धा चौरस मीटर पुरे.

उरलेलं धुणं हाच या पद्धतीतला नाजूक भाग आहे. काही रिमूव्हर पाण्याने निघतात, काही थिनरने. डब्यावर जे लिहिलंय तेच वापरा. मेणाचा अंश राहतोच, तो वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने दोनदा काढा. टेप काढल्यावर सांध्यांतून आतून बाहेर हवा मारा, गॉगल लावूनच. टेपखालची पट्टी हाताने घासा. शेवटी सगळ्या पॅनेलवरून ८० आणि १८० नंबर फिरवा, कारण रिमूव्हरने साफ झालेला पत्रा फार गुळगुळीत असतो.

प्लॅस्टिकचा बंपर, फायबरची पॅनेल आणि लांबी असलेला भाग यांना रिमूव्हर लावू नका. तो त्यांच्या आत शिरतो आणि महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो.

बाकीच्या पद्धती

हीट गन स्टिकर आणि बीडिंगचा गोंद काढायला ठेवा. रंग काढायला वापरली तर शिशाचा धूर होतो, पत्रा वाकतो आणि मागचं सीलंट जळतं. रिमूव्हर किंवा थिनर लावलेल्या जागी, तसंच पेट्रोलच्या टाकीजवळ ती चालूच करायची नाही. ब्लोलॅम्पला या कामात जागा नाही.

ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा मारा, चाकांच्या रिम, सस्पेन्शनचे भाग, बॅटरीचा ट्रे अशा जाड आणि वेड्यावाकड्या भागांना उत्तम. मोठ्या सपाट पॅनेलवर मात्र कणांच्या माऱ्याने पत्रा ताणला जातो आणि वाकतो. बाहेर देणार असाल तर कोणता कण वापरतात आणि दाब किती ठेवतात हे विचारा. नदीची वाळू वापरणाऱ्याकडे देऊ नका: तिच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवण्याची पद्धतही आहे, पण बंद पोकळ्यांत राहिलेलं द्रावण नंतर झिरपत राहतं, आणि ॲल्युमिनियमचा भाग तर कॉस्टिक विरघळवूनच टाकतो.

पत्रा उघडा झाल्यावर

आता घड्याळ सुरू झालं. हातमोजे घाला, उघड्या पत्र्याला नुसत्या हाताचा घाम लागला तरी बोटांचे ठसे गंजतात.

उजेड तिरका धरून पत्रा बघा. वरवरचा गंज ८० नंबरने जातो. खड्ड्यांतला काळा गंज राहतो, त्याला फॉस्फरिक ॲसिडचा रस्ट रिमूव्हर ब्रशने लावून ओला ठेवा, मग डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुवा, लगेच गरम हवेने वाळवा आणि पुन्हा घासा. ॲसिडचा अंश राहिला तर त्यावर इपॉक्सी नीट वाळत नाही, थराथराने सुटतो. चाकांच्या कमानी, दरवाजाचा तळ आणि दरवाजाखालचा पोकळ पट्टा टोच्याने हलकेच टोचून बघा. टोच्या आत गेला तर तो पत्रा कापून नवीन वेल्ड करावा लागतो. भोकावर फायबर आणि लांबी भरून घेतली तर ती गंजाला पाठीमागून मोकळं रान देते आणि पुढच्या पावसाळ्यात फुगा दिसतो.

मग धूळ ओढून घ्या, दोन फडक्यांनी ग्रीस रिमूव्हर, पूर्ण वाळवण, आणि टू-पॅक (दोन भाग मिसळायचा) इपॉक्सी प्रायमर. पत्र्यावर आधी एच प्रायमर (पत्र्याला धरणारा ॲसिडयुक्त प्रायमर) मारून वर इपॉक्सी मारायची जुनी सवय काही गॅरेजांत आहे. प्रायमर बनवणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर ते करू नका, एचमधलं ॲसिड इपॉक्सीला त्रास देतं. प्रमाण डोळ्याने नाही, मापाच्या भांड्याने. बॉनेटच्या वरच्या बाजूला दोन हातांसाठी मिसळलेलं २५० ते ३०० मिली पुरतं. काही इपॉक्सी मिसळल्यावर थोडा वेळ तसाच ठेवावा लागतो, ते डब्यावर असतं. दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं जाऊ द्या.

हवामानाकडे लक्ष ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्याच्या सकाळी पत्रा हवेपेक्षा गार असतो आणि त्यावर न दिसणारा घाम येतो. तेव्हा मारलेला प्रायमर पत्र्याला नव्हे, पाण्याला चिकटतो. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम हवा. दुपारपर्यंत थांबा किंवा शेड आतून कोरडी-ऊबदार करा. जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर काढूच नये.

प्रायमर मारताना सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज आणि पुढे धुळीचा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या. इपॉक्सीचा हार्डनर त्वचेला लागत राहिला तर ॲलर्जी जडते आणि ती आयुष्यभर राहते. हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलं असेल, जसं पीयूच्या हार्डनरवर असतं, तर बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो घरी मारू नका. ते काम बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

कचरा आणि पुढचं काम

कामाला बसण्याआधी जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरलेलं असेल तर धूळ आणि लगदा गोळा करणं सोपं जातं. लगदा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, धूळ दुहेरी पिशवीत. गटारात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या आळ्यात काहीही ओतायचं नाही. रंगाचा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतो. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथल्या प्रक्रिया केंद्रांत तो जातो, आणि ज्या मोठ्या वर्कशॉपचा तिथे करार आहे त्यांना विनंती करून तुमचा डबा सोबत देता येतो. थिनर-रिमूव्हरची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच बांधा.

इपॉक्सी लागल्यावर घाई संपते. आता पॅनेल सुरक्षित आहे आणि पुढचं पॅनेल उघडायला घेता येतं. लांबी लागणार असेल तर ती उघड्या पत्र्यावर न भरता या इपॉक्सीवर भरा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. इपॉक्सीला ठरावीक मुदत असते, डब्यावर ती तासांत किंवा दिवसांत दिलेली असते. त्या मुदतीत घासल्याशिवाय लांबी किंवा सरफेसर धरतो. मुदत टळली तर १८० ते २२० नंबरने घासून चमक मारा, मगच पुढचा हात. प्रत्येक पॅनेलच्या आतल्या बाजूला टेप चिकटवून त्यावर प्रायमर मारल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. चार-पाच पॅनेल झाल्यावर कोणत्याला घासायचं आणि कोणत्याला नाही, हे त्या टेपवरूनच कळतं.